ध्रुवीय मोहिमांत हरवलेले आणि त्यांना शोधायला गेलेले लोक एकमेकांचे नातेवाईक होते का? हे कसे तपासायचे?

हो, काही जण अगदी सख्खे होते. १८४५ साली जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली आर्क्टिककडे निघालेल्या आणि तिथेच हरवलेल्या ब्रिटिश मोहिमेत (फ्रँकलिन मोहीम) हॅरी गुडसर हा 'एरेबस' जहाजावर सहायक शल्यवैद्य होता. त्याचा भाऊ रॉबर्ट त्याच्या शोधासाठी १८४९ आणि १८५० असा दोनदा आर्क्टिकला गेला. भाऊ सापडला नाही, हे वाचताना आजही वाईट वाटते. जॉन रॉस आणि जेम्स क्लार्क रॉस हे ध्रुवीय दर्यावर्दी काका-पुतणे. १८३३ साली 'इझाबेला' या देवमासे पकडणाऱ्या जहाजाने आर्क्टिकमध्ये अडकलेल्या या दोघांना वाचवले आणि पुढे तेच फ्रँकलिनच्या शोधात निघाले: पुतण्या १८४८ साली, तर सत्तरी ओलांडलेले काका १८५० साली.

तपासताना आधी जहाजाची खलाशी-यादी बघा, मग चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि मृत्युपत्रे. नुसत्या आडनावावर विसंबू नका. कागदही फसवतात: फ्रँकलिन मोहिमेतल्याच जेम्स फिट्झजेम्सच्या बाप्तिस्म्यात आईवडिलांची नावे बनावट होती, कारण तो जेम्स गॅम्बियर यांचा अनौरस मुलगा होता. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या किंग विल्यम बेटावर सापडलेल्या त्याच्या दाताचा डीएनए गॅम्बियर घराण्यातल्या आजच्या वंशजाशी जुळला आणि २०२४ साली त्याची ओळख पटली. ही जुळणी वाय गुणसूत्रावरून झाली; मात्र हे गुणसूत्र फक्त बाप-मुलगा अशा सलग पुरुष वंशातच उतरते. मध्ये मुलीकडून नाते येत असेल, तर ही चाचणी उपयोगी नाही.