‘चालू आहे’ म्हणून घेतलेला जुना कॉम्प्युटर वीस मिनिटांत बंद पडला

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारातून मी कमोडोर ६४ हा कॉम्प्युटर घेतला. इतरत्र दिसणाऱ्या किमतींपेक्षा बराच स्वस्त मिळाला. जाहिरातीत ‘चालू स्थितीत, सगळे भाग मूळचे, मूळ अडॅप्टरसह’ असं लिहिलं होतं. विक्रेत्याने यंत्र सुरू असल्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात आवाज नव्हता, म्हणून मी मेसेज करून ‘आवाज येतो ना?’ असं विचारलं. ‘हो, येतो’ असं उत्तर आलं आणि मी पूर्ण पैसे पाठवले. पार्सलमध्ये एक चिठ्ठी निघाली : ‘जुना माल, जसा आहे तसा. परत घेतला जाणार नाही.’ यंत्र वीसेक मिनिटं चाललं, आवाज आलाच नाही, मग पडदा काळा पडला तो कायमचा. झाकण उघडलं तर साउंड चिपचा सॉकेट रिकामा. यंत्राच्या खालच्या बाजूला एका शाळेच्या नावाची, अर्धवट खरवडलेली पट्टी आहे. विक्रेता म्हणतो, ‘चाळीस वर्षांचं यंत्र इतक्या स्वस्तात घेतलंत, आता तक्रार कसली?’ त्याच्या नावावर अशाच जुन्या यंत्रांच्या आणखी सहा-सात जाहिराती आहेत. पार्सल येऊन बारा दिवस झाले. मित्र म्हणतो, चिप आणि अडॅप्टर बदलून मोकळा हो. मी काय करावं?

उत्तर : आधी मित्राला थांबवा. झाकण बसवा, अडॅप्टर भिंतीवरून काढा आणि दोन्ही वस्तू आल्या तशा खोक्यात ठेवा. खोकं, आतलं पॅकिंग, कुरिअरची पावती आणि ती चिठ्ठी, यातलं काही टाकू नका. दुरुस्ती करायची नाही असं मी म्हणत नाही, पण आत्ता केलीत तर तुमची बाजू दोन प्रकारे दुबळी होईल. एक तर पुरावा जाईल. दुसरं म्हणजे, वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार खरेदीदार मालाबाबत विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही करतो, किंवा वाजवी मुदत उलटेपर्यंत काही न कळवता माल ठेवून घेतो, तेव्हा त्याने तो स्वीकारला असं धरलं जातं. चिप बदललीत की ‘तुम्ही यंत्र आपलं मानून त्यात फेरफार केले’ असं म्हणायला विक्रेता मोकळा. एकदा माल स्वीकारला असं ठरलं की बहुतेक प्रकरणांत तो परत करण्याचा हक्क संपतो आणि नुकसानभरपाईचा तेवढा उरतो.

वाजवी मुदत म्हणजे नेमके किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही. वस्तू आणि परिस्थिती पाहून ते ठरतं. बारा दिवस मला उशीर वाटत नाही. महिना उलटू दिलात तर वाटेल. म्हणून नाकारत असल्याचं पत्र याच आठवड्यात जायला हवं.

आता मूळ वादाकडे येऊ. स्वस्तात घेतलेल्या जुन्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही, असा विक्रेत्याचा दावा आहे आणि तो पुष्कळांना पटतोही. त्यात निम्मं खरं आहे. आपल्या कायद्यात विकलेल्या मालाच्या दर्जाची आपोआप हमी नसते. कलम १६ ची सुरुवातच तशी आहे. जाहिरातीत नुसतं ‘कमोडोर ६४, जुना’ एवढंच असतं आणि विक्रेता घरातली अडगळ काढणारा माणूस असता, तर मी तुम्हाला हात हलवत परत पाठवलं असतं. पण तुमचा विक्रेता तेवढं लिहून थांबला नाही. ‘चालू स्थितीत’, ‘सगळे भाग मूळचे’ आणि ‘मूळ अडॅप्टरसह’ हे त्या वस्तूचं वर्णन झालं. वर्णन देऊन माल विकला तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही कलम १५ ने करारात घातलेली अट आहे. ही अट दुकानदाराला लागू आहे तशीच घरातली एखादी वस्तू विकणाऱ्यालाही. यंत्र चाळीस वर्षांचं असल्याने त्या शब्दांचा अर्थ थोडा सैल होतो, हे मी मान्य करते. कळा पिवळ्या पडलेल्या असतील, एखादी अडकत असेल, तर त्यावर भांडता येणार नाही. पण साउंड चिप नसलेल्या यंत्राचे ‘सगळे भाग मूळचे’ कसे असतील?

किंमत कमी होती म्हणून कराराचं वजन कमी होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ च्या स्पष्टीकरणानुसार मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्द ठरत नाही. दिलेला शब्दही त्या कारणाने सैल होत नाही.

तुमच्या प्रकरणातला सर्वात मोलाचा पुरावा म्हणजे तुम्ही विचारलेला तो एक प्रश्न. कमोडोर ६४ ची आवाजाची चिप, म्हणजे एसआयडी, काढून घेतली तरी यंत्र सुरू होतं. निळा पडदा येतो, ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ ही ओळ येते आणि पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. या चिपचं उत्पादन केव्हाच थांबलेलं आहे आणि तिला स्वतंत्र मागणी आहे, म्हणून ती काढून वेगळी विकण्याचे प्रकार होतात. व्हिडिओ मुका का होता, हे तुम्हाला आता कळलं असेल. तुम्ही विचारलंच नसतं तर विक्रेत्याला ‘मी काही बोललोच नाही’ म्हणता आलं असतं, कारण करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प राहणं सहसा कपट ठरत नाही. शिवाय गप्प राहण्याच्या किंवा चुकीच्या माहितीच्या प्रकरणांत, खरेदीदाराला साध्या काळजीने सत्य कळलं असतं तर त्याला करार रद्द करता येत नाही, असा कलम १९ चा अपवाद आहे. बरेच खटले त्या अपवादावर अडतात. तुम्ही मात्र विचारलं आणि त्याने ‘हो, येतो’ असं लिहून दिलं. खोटं आहे हे ठाऊक असताना असं लिहिलं असेल तर ते उघड कपट आहे, तिथे तो अपवाद आड येत नाही आणि करार रद्द करण्याचा पर्याय तुमच्या हातात राहतो. ते संभाषण आजच सुटं काढून जपून ठेवा आणि ज्या फोनवर ते आहे तो फोन विकू किंवा पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. व्हिडिओही नीट पाहा. त्यातल्या यंत्रावरचे ओरखडे, कळांचा रंग, स्टिकर तुमच्याकडच्या यंत्राशी जुळतात का? जुळले नाहीत तर व्हिडिओच दुसऱ्या यंत्राचा होता, असा आणखी एक मुद्दा मिळेल.

पार्सलमधल्या चिठ्ठीची काळजी करू नका. वर्णन वाचून, किंमत ठरवून तुम्ही पैसे दिलेत तेव्हा करार झाला. त्यानंतर एका बाजूने खोक्यात घातलेली अट दुसऱ्याला बांधत नाही. ‘जसा आहे तसा’ हे शब्द जाहिरातीतच असते तर मला जास्त विचार करावा लागला असता, कारण कायद्याने गृहीत धरलेल्या अटी पक्षांना संमतीने वगळता येतात. तरीही ‘चालू’ असं लिहायचं आणि त्याच ओळीत ‘जसा आहे तसा’ म्हणायचं, याचा फायदा कोणतंही न्यायालय सहज देणार नाही.

यंत्र बंद कशाने पडलं, हा मुद्दा अवघड आहे आणि विक्रेता इथेच जोर लावेल. ‘माझ्याकडे चालत होतं, तुम्ही जाळलंत’ असं तो म्हणेल. कमोडोर ६४ च्या मूळ अडॅप्टरचा एक दोष जुनी यंत्रं हाताळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तो ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे देतो. वर्षं उलटली की त्यातला विजेचा दाब ठराविक ठेवणारा रेग्युलेटर बिघडतो, ५ व्होल्टची तार जास्त दाब सोडू लागते आणि मेमरीच्या चिप जळतात. तुमच्याकडे तसंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. माहितगार खरेदीदार आधी मीटर लावून दाब मोजतो, तुम्ही मोजला नाहीत आणि हे तुमच्याविरुद्ध बोललं जाईल. पण अडॅप्टर तुम्ही बाहेरून आणलेला नाही. ‘मूळ अडॅप्टरसह चालू’ असं सांगून त्यानेच तो विकला. दोष माल हाती आला तेव्हाच त्यात होता, फक्त वीस मिनिटांनी दिसला, अशी मांडणी तुम्हाला करता येईल. ती सिद्ध करायला तंत्रज्ञाचा लेखी अहवाल लागेल. खरं सांगायचं तर या मुद्द्यावर निकाल कुठेही जाऊ शकतो. म्हणून पत्रात चिपचा मुद्दा आधी आणि अडॅप्टरचा त्यामागून घ्या. पहिल्याला दुसऱ्याचा आधार लागत नाही.

पत्र साधंच लिहा. कोणत्या तारखेला काय वर्णन वाचून घेतलं, ‘आवाज येतो’ हे कधी सांगितलं, पार्सल कधी आलं, काय आढळलं, म्हणून माल नाकारत आहे, पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करावी आणि यंत्र आपण आपल्या खर्चाने घेऊन जावं. मेसेजने पाठवा, ईमेलने पाठवा आणि पोच मिळेल अशा टपालानेही. ज्या ऑनलाइन बाजारातून घेतलं तिथल्या तक्रार अधिकाऱ्यालाही प्रत द्या. पैसे हाती येण्याआधी यंत्र परत पाठवू नका. वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर, नाकारलेला माल स्वतः पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही, नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे. पाठवलंत तर ‘वाटेत मोडलं’ हा नवा वाद उभा राहील.

उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही हौसेसाठी घेतलंत, धंद्यासाठी नाही, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. विक्रेता ‘मी व्यापारी नाही’ असं म्हणेल आणि तेव्हा त्याच्या त्या सहा-सात जाहिराती कामी येतील. त्यांचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच घ्या, पत्र मिळालं की त्या नाहीशा होतील. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करण्याची सोय दिली आहे, ती ऑनलाइन दाखल होते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे आणि वकील लागतोच असं नाही. तुमच्यासारख्या प्रकरणात वकिलाची फी यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त होईल, म्हणून स्वतःच चालवा असं मी सुचवेन. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच विक्रेता बोलायला लागतो. पोलिसांत जाण्याची धमकी मात्र पत्रात घालू नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी अप्रामाणिक हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून होता हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. पैसे वसूल करण्यासाठी दिलेली धमकी उलट तुमच्याच पत्राचं मोल घालवते.

आता ती खरवडलेली पट्टी. तुम्ही प्रश्नात तिचा उल्लेख एका वाक्यात केलात, पण मला तिची चिंता पैशांहून जास्त वाटते. शाळेची वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली असते आणि रीतसर निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून काढून, ती लिलावात किंवा भंगारात जाऊ शकते. तुमचं यंत्र तसंच आलं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. पण मग नाव कुणी आणि का खरवडलं? विक्रेताच मालक नसेल तर वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे, थोडे अपवाद सोडता, तुम्हीही मालक होत नाही, कितीही प्रामाणिकपणे घेतलं असलंत तरी. पैसे मागण्याचा हक्क त्याच अधिनियमाच्या कलम १४ मुळे राहतो, पण यंत्र मूळ मालकाचं. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल अप्रामाणिकपणे स्वीकारण्याबरोबरच तो बाळगणंही गुन्हा आहे, आणि ‘माहीत होतं’ इतकंच ‘तसं मानायला कारण होतं’ हेही तिथे चालतं. पट्टी पाहिल्यानंतर गप्प राहून यंत्र दुरुस्त करून विकणं, हे म्हणूनच तुमच्यासाठी सर्वात वाईट पाऊल ठरेल. पट्टीचे चांगल्या उजेडात फोटो काढा, तिला हात लावू नका. पत्रात एक ओळ घाला, ‘यंत्र आपल्याकडे कसे आले याची कागदपत्रे द्यावीत.’ नाव वाचता येत असेल तर शाळेला तुम्हीच साधं पत्र लिहून विचारा की हे यंत्र तिने रीतसर काढून टाकलं होतं का. तुम्ही स्वतःहून विचारलंत, हा कागद पुढे कोणी प्रश्न केला तर तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होईल.

शाळेकडून ‘हो, काढून टाकलं होतं’ असं उत्तर आलं आणि विक्रेत्याची मुदत पैसे न देता संपली, तर मग मित्राला बोलवा. पण आधी एखाद्या तंत्रज्ञाकडून लेखी घ्या : अडॅप्टर यंत्राला न जोडता मोजला तेव्हा किती व्होल्ट दाखवतो, कोणत्या चिप जळल्या आहेत, साउंड चिपच्या सॉकेटवर ती उपसून काढल्याच्या खुणा आहेत का, आणि दुरुस्तीला किती खर्च येईल. काढलेले जुने भाग फेकू नका, एका पाकिटात नाव-तारीख घालून ठेवा. नव्या चिपचं आणि अडॅप्टरचं बिल तुमच्याच नावावर घ्या. माल परत करण्याऐवजी त्या दिवसापासून तुम्ही मागाल ती दुरुस्तीची रक्कम असेल.