मवाबी की मवाबीण?

प्रश्न असा आहे : मराठी बायबलमध्ये ‘रूथ’ नावाचं छोटं पुस्तक आहे, त्याच्या नायिकेला ‘मवाबी रूथ’ म्हटलंय. कोळी-कोळीण, तेली-तेलीण, तसं ‘मवाबीण’ का नाही?

मराठीपुरतं उत्तर सोपं आहे. देशावरून आलेलं ईकारान्त विशेषण आपण बदलत नाही : जपानी माणूस, जपानी बाई. ‘ईण’ लागतो तो नामाला. म्हणून ‘मवाबी रूथ’ बरोबरच. पण बोलताना आपण मारवाडीण, पंजाबीण म्हणतोच, तेव्हा ‘मवाबीण’ही चुकीचं नाही. आणि भाषांतरात मला तेच हवं होतं, कारण मूळ हिब्रूत या प्रत्ययावर इस्राएलच्या दावीद राजाच्या कुळाचा केवढा मोठा वाद उभा आहे!

मवाब म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेचा देश. तिथला पुरुष ‘मोआवी’, बाई ‘मोआविया’. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या नियमांच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात नियम आहे की अम्मोनी किंवा मवाबी याने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत, म्हणजे इस्राएलच्या समाजात, येऊ नये. तिथे शब्द आहे ‘मोआवी’. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. म्हणजे ही मवाबी बाई दावीदाची पणजी. नियम सरसकट लावला तर दावीदच मंडळीबाहेर!

रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मपंडितांनी, वाट काढली ती लिंगावरून : मोआवी म्हटलंय, मोआविया नव्हे. इसवी सन २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहात हे स्पष्ट लिहिलंय, मवाबी बायका लगेच चालतात. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ तालमूद, त्यात दावीदाचा विरोधक दवेग आक्षेप घेतो : मग त्याच अध्यायात ‘मिसरी’ म्हणजे इजिप्तच्या माणसाबद्दल नियम आहे, त्यातही मिसरी बाई धरायची नाही का? त्यावर उत्तर असं, की नियमाचं कारण त्या वचनातच दिलंय. इस्राएल लोक मिसरातून येताना हे अम्मोनी-मवाबी भाकर-पाणी घेऊन सामोरे आले नाहीत, आणि वाटेवर सामोरं जाणं पुरुषांचं काम, बायकांचं नव्हे.

निव्वळ व्याकरण पाहिलं तर ही ओढाताणच वाटते. ‘रहिवाशांनी इथे गाड्या लावू नयेत’ ही पाटी बायकांनाही लागू असतेच की. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यहूदाचा अधिकारी नहेम्या याने तर बायकांना सूट दिलेली दिसत नाही. अश्दोदी, अम्मोनी, मवाबी बायका केलेल्या यहूद्यांवर तो भडकतो, आणि त्यातलं एक कारण भाषेचं आहे : त्यांच्या निम्म्या मुलांच्या तोंडी अश्दोदी बोली, यहूदी बोलता येत नाही! बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकात अशा बायकांना ‘नोख्रियोत’ म्हटलंय, परक्या. रूथ बवाजापुढे, म्हणजे पुढे ज्याच्याशी तिचं लग्न होतं त्याच्यापुढे, पालथी पडून स्वतःबद्दल याच शब्दाचं एकवचन वापरते : मी तर ‘नोख्रिया’, माझी ओळख का ठेवलीत? हिब्रूत ‘ओळख ठेवणं’ आणि ‘परकी’ या दोन्ही शब्दांत न-ख-र हीच अक्षरं वाजतात. मराठीत हे आणणं मला आजवर जमलेलं नाही.

‘रूथ मोआविया’ हे पूर्ण नाव रूथच्या पुस्तकात पाच वेळा येतं. शेवटचं चौथ्या अध्यायाच्या १०व्या वचनात, बवाज वेशीत साक्षीदारांसमोर उच्चारतो तेव्हा. १३व्या वचनात लग्न होतं, तिथे नुसतं ‘रूथ’. अखेरच्या वंशावळीत बवाजाचा पूर्वज पेरेस याच्यापासून दावीदापर्यंत दहा नावं आहेत, सगळी पुरुषांची. पाचही ठिकाणी ‘मवाबीण’ छापलं, तर ते नेमकं कुठे थांबतं हे वाचणाऱ्याच्या कानाला कळेल.