मॅजिक स्पंजने पांढरे शूज आणि घरातल्या भिंती खरंच साफ होतात का?

तुम्ही विचारलंय की तो पांढरा मॅजिक स्पंज पांढऱ्या स्नीकर्ससाठी घ्यावा का, त्यानेच मुलाने भिंतीवर काढलेली क्रेयॉनची चित्रं आणि बाथरूमचा मळ पण निघेल का, आणि सासूबाई म्हणतायत त्यात केमिकल असतं ते खरं का. मी चार-पाच वर्षं हा स्पंज वापरतेय, त्याच्यावर एकदा भाड्याचं अख्खं घर साफ करून दिलंय आणि त्यानेच आईचं जेवणाचं टेबल कायमचं खराब केलंय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

घ्या, नक्की घ्या, पण आधी तो आहे काय हे समजून घ्या, कारण ते एकदा कळलं की कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे मग कुणाला विचारावं लागत नाही. हाताला तो पावासारखा मऊ लागतो त्यामुळे वाटतं हा भांडी घासायच्या स्पंजसारखाच काहीतरी असेल. तसं नाहीये. हा मेलामाइन रेझिनचा फोम आहे, म्हणजे ते पडून न फुटणारे मेलामाइनचे डिनरसेट असतात ना, किंवा सनमायकाचा वरचा कडक थर असतो, त्याच जातीचं प्लॅस्टिक फुगवून हलकं केलेलं. मुळात साफसफाईसाठी तो बनलेलाच नव्हता, जर्मनीची बीएएसएफ कंपनी हा फोम बासोटेक्ट नावाने बनवते आणि तो स्टुडिओत, हॉलमध्ये आवाज शोषायला भिंतींना लावतात. ओला करून घासला तर डाग निघतात हे नंतर लोकांच्या लक्षात आलं, आणि २००३ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने तो मिस्टर क्लीन मॅजिक इरेजर म्हणून बाजारात आणला. आपल्याकडे मॅजिक स्पंज, नॅनो स्पंज अशा नावांनी बिनब्रँडची पाकिटं मिळतात, वस्तू तीच.

आतून तो म्हणजे केसापेक्षाही बारीक काड्यांची जाळी आहे आणि त्या काड्या चांगल्या कडक असतात. आपण घासतो तेव्हा त्या काड्या पृष्ठभागावरच्या बारीक बारीक खाचांमधे शिरून मळ खरवडून काढतात आणि स्वतःही झिजत जातात, म्हणजे एकदम बारीक नंबरचा पॉलिश पेपर समजा जो खोडरबरसारखा झिजतो. साबण मळ सोडवतो, हा मळ खरवडतो. म्हणून तर नुसत्या पाण्याने काम होतं, आणि म्हणूनच चकचकीत वस्तूंना तो घातक आहे, कारण चमक म्हणजे वरचा गुळगुळीत थर आणि तोच हा घासून टाकतो.

आता शूज. पांढऱ्या स्नीकर्सची बाजूची जी रबरी पट्टी असते, सोलच्या वरची, त्याच्यावर हा स्पंज जे काम करतो ते दुसरं काहीच करत नाही. बाइकचा गिअर लागून पडलेले काळे पट्टे, लोकलमधे कुणाचा पाय पडून उमटलेला डाग, पुढच्या रबरी टोपीवरचे काळे ओरखडे, सगळं दोन मिनिटात जातं. पण सरळ स्पंज घेऊन सुरू करू नका. आधी चिखल पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशने झाडून टाका, कारण वाळूचे कण राहिले आणि त्यावरून स्पंज फिरवला तर ते कणच ओरखडे पाडतात. मग ओल्या फडक्याने पुसा. त्यानंतर स्पंजचा छोटा तुकडा कापा, काडेपेटीएवढा पुरतो, अख्खा वापरायची काहीच गरज नसते, पाण्यात बुडवा आणि दोन तळव्यांमधे दाबून पाणी काढा. कपडा पिळतात तसा पिळू नका, लगेच तुटतो. मग हलक्या हाताने एकाच दिशेने घासा. जोर लावायचा मोह होतो पण जोराने डाग लवकर जात नाही, स्पंजच लवकर संपतो. शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्या कारण पांढरा चुरा मागे राहतो, आणि सावलीत वाळवा.

जे होत नाही ते पण सांगते, म्हणजे उगाच घासत बसणार नाही. सोल पिवळं पडलं असेल तर ते या स्पंजने पांढरं होत नाही. तो मळ नाहीच, ऊन आणि हवा लागून मटेरियलच आतून पिवळं झालेलं असतं, आणि जे आत आहे ते वरून घासून कसं निघणार. तसंच कापडाचं. कॅनव्हासवर वरवरचा काळा डाग थोडा हलका होतो पण कोकणातली लाल माती धाग्यात शिरली की स्पंजचा काही उपयोग नाही, त्याला कोमट पाणी, कपड्याची पावडर, जुना टूथब्रश आणि धीर हेच लागतं, आणि तरी फिक्कट तांबूस छटा राहते कारण त्या मातीत लोहाचा गंज असतो. आम्ही गणपतीत गावी जातो तेव्हा मी पांढरे बूट नेतच नाही. जाळीच्या कापडाच्या स्पोर्ट्स शूजवर हा घासला तर धागे वर येतात, तिथे नको. स्वेड म्हणजे ते मखमलीसारखं लेदर, त्यावर तर अजिबात नको, त्याची लव जाते आणि ओलं झाल्याने डाग वेगळाच पडतो. पांढऱ्या लेदरवर किंवा रेक्झिनवर अगदी हलका हात, आणि आधी आतल्या बाजूला, जीभ असते तिथे, एका कोपऱ्यात करून बघा. लेदरवर रंगाचा पातळ थर दिलेला असतो, स्पंजवर रंग उतरताना दिसला की तिथेच थांबा. चकचकीत पेटंट लेदरच्या बुटांना हात पण लावू नका. मुलाचे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज असतील तर त्यांची रबरी पट्टी स्पंजने आणि कापड ब्रशने, असं वाटून घ्या.

भिंतीचं पूर्णपणे रंगावर अवलंबून आहे. आम्ही वाकडला भाड्याने राहायचो, घर सोडायची वेळ आली तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती आणि तिच्या हाताच्या उंचीपर्यंत हॉलची भिंत पूर्ण भरलेली, क्रेयॉन, पेन्सिल, एक-दोन ठिकाणी बॉलपेन. मालकांनी आधीच सांगितलेलं की भिंती जशा दिल्या तशा द्या नाहीतर रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार. मी दोन रात्री बसून सगळी भिंत साफ केली आणि क्रेयॉन, पेन्सिल जवळजवळ पूर्ण गेलं, बॉलपेनची एक फिकी रेघ राहिली. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. पण ते जमलं कारण हॉलला धुता येणारा प्लॅस्टिक पेंट होता. बेडरूमला साधं डिस्टेंपर होतं, तिथे पहिल्याच हाताला स्पंज भिंतीच्याच रंगाचा झाला, म्हणजे डागाबरोबर भिंतच निघायला लागली, ते मी लगेच बंद केलं. तुमच्या भिंतीला काय आहे माहीत नसेल तर ओलं बोट एका कोपऱ्यात घासून बघा, बोटाला रंग लागला तर स्पंज लावायचा नाही. ऑइल पेंट असेल किंवा चमक असलेला महागातला इमल्शन असेल तर डाग जाईल पण तेवढाच भाग मॅट दिसेल आणि संध्याकाळी तिरपा उजेड पडला की तो ठिपका डोळ्यात भरतो. क्रेयॉन मेणाचं असतं म्हणून आधी भांड्याच्या साबणाचं एक थेंबभर पाणी फडक्याला लावून पुसून घ्या, अर्धं काम तिथेच होतं, उरलेलं स्पंजने.

स्विचबोर्डवर बोटांचे काळे डाग पडतात ते फार सुंदर निघतात, दार आणि दाराच्या मुठीभोवतीचे पण. फक्त स्विचबोर्डला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा, आणि स्पंज टॉवेलमधे दाबून जवळजवळ कोरडा करून घ्या. ओल्या हाताने चालू बोर्ड पुसू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

बाथरूमबद्दल लोकांचा खूप गैरसमज आहे. बादली, मग, वॉशबेसिन, पांढरं प्लॅस्टिकचं स्टूल, यांच्यावर साबणाचा जो करडा चिकट थर बसतो तो या स्पंजने छान जातो. पण नळावर आणि टाइल्सवर पांढरे डाग असतात, विशेषतः बोअरचं पाणी असेल तिथे, ते क्षार आहेत, म्हणजे दगडच म्हणा ना. ते घासत बसण्यापेक्षा लिंबाची फोड किंवा व्हिनेगरमधे भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, क्षार आंबटाने विरघळतात, मग पुसून धुवून टाका. क्रोमच्या चकचकीत नळावर स्पंज फिरवत राहिलात तर क्षार राहील आणि चमक जाईल. आणि आंबट काही मार्बलवर किंवा शहाबादी, कडप्प्यावर सांडू देऊ नका, ते दगडच आंबटाने खाल्ले जातात. फ्लोअर क्लिनर, ब्लीच वगैरे स्पंजला लावून घासू नका, आणि ब्लीचमधे अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर तर कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो.

आता आईचं टेबल. साताऱ्याला आमच्याकडे चकचकीत सनमायकाचं टेबल आहे, त्यावर हळदीचा डाग पडलेला, मी नवीन नवीन स्पंज घेऊन गेलेले, म्हटलं आईला दाखवू. डाग गेला, आई खूश झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून उजेड आला तेव्हा तळहाताएवढा भाग मळकट काचेसारखा दिसत होता. ती चमक परत आली नाही, काही लावून येतही नाही. आई काही बोलली नाही पण तेव्हापासून त्या टेबलावर कायम टेबलक्लॉथ असतो आणि मला ते दर वेळी लागतं. खरं तर हळद उन्हाने उडते, दोन दिवस तो भाग उन्हात ठेवला असता तरी पुष्कळ फिका झाला असता. तेव्हा चकचकीत सनमायका, पॉलिश केलेलं लाकूड, गाडीचा पेंट, बाइकची टाकी, नॉनस्टिक तवा, टीव्ही आणि मोबाइलची स्क्रीन, चष्म्याची काच, आरशासारखं स्टील, पॉलिशचा ग्रॅनाइट ओटा, हे सगळं या स्पंजपासून लांब ठेवा. शंका आली तर नाहीच वापरायचा.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त जसं वाटतं तसं नाही. मेलामाइन हे नाव त्यांनी बहुतेक २००८ च्या चीनमधल्या दुधाच्या प्रकरणात ऐकलं असेल, तेव्हा दुधात प्रोटीन जास्त दिसावं म्हणून मेलामाइनची पावडर मिसळली होती आणि लहान बाळांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला, काही बाळं दगावली. स्पंजमधे ती सुटी पावडर भरलेली नसते, ती फॉर्मल्डिहाइड नावाच्या रसायनाबरोबर जोडून पक्कं प्लॅस्टिक झालेलं असतं. पण झिजून चुरा पडतो हे खरंच आहे, म्हणून ताटं, वाट्या, कप, बाळाची दुधाची बाटली, भाजीचा चॉपिंग बोर्ड, असल्या खाण्याशी संबंध असलेल्या वस्तूंना मी हा लावत नाही. कपातले चहाचे डाग यानेच मस्त जातात असं लोक सांगतात, जातातही, पण ते काम खायचा सोडा पण करतो. आणि मुलाच्या हाता-तोंडावरचा पेनचा डाग काढायला तर चुकूनही घेऊ नका, मऊ वाटला तरी कातडी सोलवटते आणि भाजल्यासारखी आग होते. वापरून झाला की उंचावर ठेवा, पांढरा मऊ तुकडा मुलांना खाऊ वाटतो.

दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त टोचते. तो झिजलेला चुरा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिकच, प्लॅस्टिकचे अगदी बारीक कण. २०२४ मध्ये या स्पंजवर एक अभ्यास आला, त्यात एक ग्रॅम स्पंज झिजला की सुमारे ६५ लाख सूक्ष्म तंतू सुटतात असं निघालं. आपण ते मोरीत धुतो, तिथून नाल्यात, नदीत. ते वाचल्यापासून मी वापर खूप कमी केलाय. आधी ओलं फडकं, मग भांड्याचा साबण, मग खायचा सोडा, आणि या तिन्हीने नाही गेलं तरच स्पंजचा तुकडा. घासून झाल्यावर चुरा आधी कागदाने टिपून कचऱ्यात टाकते, मग पुसते, सगळा चुरा नाही धरता येत पण बराचसा येतो. पूर्वी माझं दहाचं पाकीट दोन महिन्यात संपायचं, आता वर्ष होत आलं, अजून तीन शिल्लक आहेत.

घेताना स्वस्त पाकिटातला एखादा दाबून बघता आला तर बघा, एकदम भुसभुशीत असेल तर दोन घासात चुरा होतो, जरा घट्ट असलेला टिकतो. तुम्ही शूजचा ब्रँड लिहिलाय पण वरचं मटेरियल लिहिलं नाहीये, कॅनव्हास आहे की लेदर ते बघून सांगा, म्हणजे वरच्या भागाचं नक्की सांगता येईल. रबरी पट्टी मात्र आजच करायला घ्या.