'जिद्द सोडा, प्रीती धरा' हे मराठी बरोबर का?

बेळगावकडच्या खानापूरच्या एकानं विचारलंय, चर्चच्या तरुण संघानं फलकावर 'जिद्द सोडा, प्रीती धरा' असं लिहिलं आणि पुण्याचे पाहुणे हसायला लागले, म्हणे जिद्द कशाला सोडायची, पोरांना तर आपण जिद्द धरा म्हणून सांगतो. तर चूक कुणाची?

तसं बघितलं तर कुणाचीच नाही. पुण्याची जिद्द म्हणजे चिकाटी. आपल्या कानात कन्नड 'जिद्दु' बसलेलं असतंय, म्हणजे खुन्नस, ईर्षा. निवडणूक आली की कन्नड पेपरात 'जिद्दाजिद्दी' वाचतोच की आपण. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'विरुद्ध, उलट' असाच आहे, म्हणजे कन्नडनं मूळ जास्त सांभाळलंय (हे पाहुण्यांना जरूर सांगा).

पण फलक मराठीत आहे म्हटल्यावर बदललेला बरा. 'स्पर्धा' नको, स्पर्धा तर क्रिकेटची पण असते, त्यात पाप कसलं. 'ईर्षा' जवळचा आहे, पण 'ईर्षेनं अभ्यास केला' हे आपण कौतुकानंच म्हणतो. माझं मत 'तट'. गल्लीत तट पडलेत म्हटलं की वेगळं समजवायला लागत नाही, आणि मराठी बायबलात फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच शब्द आहे, तट पाडायच्या बुद्धीनं काही करू नका म्हणून. तिथला मूळ ग्रीक शब्द 'एरिथेइया', ॲरिस्टॉटलनं तो पदासाठी चालणाऱ्या खटपटी-लांड्यालबाड्यांना वापरलाय, म्हणजे चर्च कमिटीची निवडणूक जवळून बघितलेल्याला तो लगेच कळतोय! आणि हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे लिहितोय कैदेतून, बाहेर काहीजण याच्यावरच्या हेव्यानं प्रचार करायलेत, कैदेत याला अजून त्रास व्हावा म्हणून, आणि हा म्हणतो, कसं का होईना ख्रिस्ताचं नाव पोचतंय ना, मला आनंदच आहे. करिंथ गावच्या मंडळीत 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' (अपुल्लोस म्हणजे तिथला दुसरा उपदेशक) असं सुरू झालं तेव्हाही यानं आपल्या बाजूची डोकी मोजली नाहीत, मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवणारा देव, एवढंच.

फक्त 'तट सोडा' लिहू नका, मलप्रभा नदीचा काठ सोडा म्हटल्यासारखं वाटेल. 'तट पाडू नका, प्रीती धरा' करा. 'प्रीती'ला हात लावायचं कारण नाही, पाहुण्यांना नाटकी वाटली तरी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात मराठी बायबलात प्रीतीच आहे, कन्नडातही तीच, आणि कन्नडात तर तो घरातला रोजचा शब्द.

कन्नड फलक केला तर तिथं मात्र जिद्दुच ठेवा, चपखल बसतंय.