मुलाला वंशावरून किंवा रंगावरून चिडवलं, तर आधी काय करायचं

मूल सांगत असेल तेव्हा मध्ये न बोलता ऐका. ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणालात की पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

मग त्याच दिवशी लिहून काढा: नेमके शब्द, कोण बोललं, कुठे, कोणासमोर, याआधीही झालं होतं का. शब्द सौम्य करू नका. ‘वाईट बोलला’ एवढंच लिहिलं की शाळा ते साधं भांडण समजते आणि दोघांनाही माफी मागायला लावते. प्रकरण अनेकदा इथेच बिघडतं. मेसेज असेल तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, पण पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. समोरचंही मूलच आहे.

तक्रार वर्गशिक्षकांना लेखी द्या, प्रत मुख्याध्यापकांना. त्यात घटनेची नोंद, दोघांशी वेगवेगळं बोलणं, मधल्या सुट्टीत लक्ष आणि उत्तराची तारीख मागा. दोघांना समोरासमोर बसवायची शाळांना भारी घाई असते. तुमच्या मुलाची तयारी नसेल तर सरळ नाही म्हणा.

आणि बोलणारं मूल तुमचंच निघालं तर? ‘आमच्या घरात असं कोणी बोलत नाही’ हे वाक्य गिळा. शब्द कुठे ऐकला आणि त्याचा अर्थ काय वाटला, हे आधी विचारा.