हॅलोजन, हॅलो आणि आपलं खळं

प्रश्न: मंडपात लावतात त्या हॅलोजनचा आणि शाळेच्या रसायनशास्त्रातल्या हॅलोजनचा काही संबंध आहे का? की दिव्याभोवती ‘हॅलो’, म्हणजे तेजोवलय दिसतं, म्हणून हे नाव?

तेजोवलयाचा इथे काडीचाही संबंध नाही. ही वलयाची व्युत्पत्ती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सहन होत नाही. हॅलोजनमधला ‘हॅलो’ ग्रीक ‘हाल्स’चा, म्हणजे मिठाचा. शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘स’ ग्रीकात ‘ह’ होतो. आपलं सप्त तिकडे हेप्टा, तसंच लॅटिनमधलं ‘साल’ तिकडे हाल्स. पुढचं ‘जन’ आपल्या संस्कृतातल्या जन् (जन्मणे) या क्रियाधातूचं सख्खं भावंड. म्हणजे हॅलोजन हे मीठ जन्माला घालणारं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्वायगरने १८११ साली हे नाव एकट्या क्लोरीनला सुचवलं होतं. पण इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने आदल्याच वर्षी पिवळट हिरव्या रंगावरून ठेवलेलं ‘क्लोरीन’ टिकलं आणि पुढे स्वीडनच्या बर्झेलियसने हॅलोजन हे फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या अख्ख्या कुटुंबाचं नाव केलं.

दिव्याचा संबंध मात्र खरा आहे. टंगस्टनच्या तारेभोवती आयोडीन किंवा ब्रोमीनची किंचित वाफ असते. तापलेल्या तारेवरून टंगस्टन उडतं, काचेजवळ आयोडीन त्याला पकडतं, आणि ते संयुग फिरत तारेजवळ आलं की तिथल्या उष्णतेत फुटून टंगस्टन परत तारेवर बसतं. म्हणून काच काळी पडत नाही. फ्लोरीनकडून आयोडीनकडे येताना या कुटुंबाचा जोर उतरत जातो. क्लोरीन ब्रोमाइडमधून, म्हणजे ब्रोमीनच्या मिठातून, ब्रोमीनला हुसकावतं, ब्रोमीन आयोडाइडमधून आयोडीनला, उलट कधीच नाही. फ्लोरीन तर दिव्याच्या तापलेल्या क्वार्ट्झच्या नळीलाच खातं. दिव्याला पकडून सोडून देणारं मूलद्रव्य लागतं, म्हणून आयोडीन किंवा ब्रोमीन. हल्लीच्या एलईडीच्या दिव्यात यातलं काहीच नसतं. त्याला हॅलोजन म्हणू नये, ‘फोकस’ म्हणावं.

आता त्या ‘हॅलो’कडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे. वलयाचा हॅलो ग्रीक ‘हालोस’वरून आला, आणि हालोस म्हणजे मळणीचं खळं! खळ्यावरून ग्रीकांनी चंद्राभोवतीच्या कड्याला नाव दिलं. आणि आपण काय म्हणतो? चंद्राला खळं पडलं. आपल्याकडेही एकाच शब्दाचे तेच दोन अर्थ.

यावरून खळे आणि हालोस एकाच मुळाचे ठरवणारे भेटतात. त्यांचं म्हणणं साफ चूक आहे. ग्रीक ‘ह’समोर आपला ‘स’ शोधावा, ‘ख’ नव्हे. शब्द वेगळे, नजर मात्र एक. ती नजर कुठली, यावर रोमच्या सेनेका या तत्त्वज्ञाने उत्तर दिलंय: मळणीच्या जागा बहुधा गोल असतात, म्हणून. मला हे उत्तर अपुरं वाटतं. गोल तर चाकही असतं, विहीरही असते. मग खळंच का?

माझं मत असं. उंच ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर कडं उमटतं. त्या कड्याच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा काळपट दिसतं, सारवलेल्या जमिनीसारखं. मधोमध चंद्र, जिथे खळ्यात मेढीचा, म्हणजे मळणीची जनावरं बांधायचा, खांब असतो तिथे. शेतकऱ्याला नुसता गोल दिसला नाही, झाडून सारवून मध्ये खांब रोवलेलं अख्खं खळं दिसलं. आणि आपल्याकडे आकाशाला खळं मानण्याची सवय जुनी आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाभोवती फिरणारे ग्रहतारे मेढीला बांधून मळणीत फिरवलेल्या जनावरांसारखे सांगितले आहेत. तिथे नुसत्या गोलाईने भागत नाही. मधला खांब हवाच. सेनेकाकडून तो निसटला.

इतका नेमका शब्द घरात असताना, सूर्याभोवती कडं दिसलं की आपली वर्तमानपत्रं ‘सन हॅलो’ छापतात, फार तर ‘प्रभामंडळ’. ‘सूर्याला खळं पडलं’ असं छापा. गावाकडच्या वाचकाला ते समजावून सांगावं लागणार नाही.