ड्रायर फिरतोय पण गरमच होत नाही, कॉइल बदलू का?

तुम्ही लिहिलंय की ड्रम व्यवस्थित फिरतो, टायमर पण पुढे सरकतो, पण तासाभराने दार उघडलं तरी कपडे ओले आणि गार, आणि कॉइलच (म्हणजे हीटरची तापणारी तार) गेली असणार असं कुणीतरी सांगितल्यामुळे तुम्ही नवीन मागवायला निघालात. एक दिवस थांबा. कॉइल जाते, नाही असं नाही, पण मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय पार्ट मागवू नका.

आधी बिनखर्चाच्या गोष्टी. सेटिंग चुकून 'नो हीट' किंवा नुसत्या हवेवर तर नाही ना ते बघा, खरंच होतं असं. अमेरिका-कॅनडातली 240 व्होल्टची लाइन असेल तर ब्रेकरचे दोन्ही पोल पूर्ण खाली करून परत वर करा, कारण तिथे मोटर 120 वर चालते आणि हीटरला दोन्ही लाइव्ह वायर लागतात, म्हणजे एक बाजू गेली की ड्रम फिरत राहतो आणि उष्णता मात्र शून्य. बाकी 230 व्होल्टवाल्या देशांत हा प्रकार नसतो. आणि तुमचा ड्रायर हीट पंपवाला असेल तर त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि गॅस असतो, तो मुळातच कमी तापमानावर सुकवतो, त्याच्या त्या भागात हात घालू नका.

आता माझं सांगते. माझ्याकडे हेच झालं होतं. मागचं पॅनल उघडलं तर हीटरच्या डब्यापासून थोडं लांब, हवा बाहेर जाते त्या रस्त्यावर एक छोटासा पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा, दोन पाती आणि दोन वायरी. हा थर्मल फ्यूज. वायरी काढून मीटरच्या पिना लावल्या, बीप नाही, म्हणजे फ्यूज उडालेला. म्हटलं सापडला! नवीन लावला, कपडे मस्त सुकले, मी खूश. आठवड्याच्या आत परत गार. दुसरा फ्यूज पण उडालेला. तेव्हा कुठे मशीन पूर्ण बाहेर ओढून बघितलं तर मागचा हवेचा पाइप भिंतीला दाबून अगदी चपटा झालेला आणि आत लिंटचा, म्हणजे कपड्यांतून निघणाऱ्या तंतूंचा, करड्या नमद्यासारखा थर, बोट जेमतेम जाईल एवढीच जागा उरलेली.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की फ्यूज उगाच उडत नाही. हवा बाहेर पडायचा रस्ता बंद झाला की हीटरची उष्णता आतच साठते, मग आधी थर्मोस्टॅट परत परत हीटर बंद करतो, आणि तेवढ्याने भागलं नाही की फ्यूज स्वतः जळून तुमचं घर वाचवतो. तो एकदा गेला की परत जोडला जात नाही, बदलावाच लागतो. (काही मॉडेलमध्ये दाबून रीसेट करायचं बटण असतं, ते वेगळं.) आणि कृपा करून वायरीने तो बायपास करू नका, "तपासायला दोन मिनिटं" पण नाही. लिंट म्हणजे कपड्यांचे बारीक तंतू, ते किती पटकन पेटतात ते एकदा बघितलंय मी.

तपासायचं कसं ते सांगते. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. काय कुठे जोडलंय त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. मग फ्यूज, हीटरवरचा हाय-लिमिट थर्मोस्टॅट आणि कॉइल, एकेकाच्या वायरी काढून मोजा, वायरी तशाच ठेवल्या तर दुसऱ्या वाटेने रीडिंग येतं आणि फसायला होतं. फ्यूज आणि थर्मोस्टॅट थंड असताना जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवेत. कॉइलचं रीडिंग तिच्या वॅटवर ठरतं, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे 240 व्होल्ट आणि 5400 वॅटची असेल तर साधारण 11 ओहम, 230 आणि 2000 वॅटची असेल तर 26 च्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीये, बरेचदा डोळ्यांना पण दिसतं, स्प्रिंगसारखी तार एका जागी तुटून लोंबत असते. अजून एक, एक पिन कॉइलच्या टोकाला आणि दुसरी डब्याच्या पत्र्याला लावा, तिथे काहीही रीडिंग यायला नको. आलं तर कॉइल बॉडीला टेकलीये, ती बदलाच.

वायरींचे लग, म्हणजे टोकाला बसवलेले धातूचे जोड, पण बघा. काळे पडलेले, सैल किंवा प्लॅस्टिक वितळलेले असतील तर नुसते दाबून बसवू नका, जास्त तापमान सहन करणारे नवीन लावा, नाहीतर तिथेच परत जळणार. हे सगळं ठीक निघालं तरी उष्णता नसेल तर मोटरमधला सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की हीटर चालू होऊ देणारा) किंवा टायमर-बोर्ड उरतो, तिथे चालू लाइनवर मोजावं लागतं, ते माहितगारालाच करू द्या.

लिंटची जाळी एकदा नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साठून राहिलं तर ड्रायर शीटचा (कपडे मऊ व्हायला त्यांच्यासोबत टाकतात तो कागद) मेणचट थर बसलाय, साबण आणि मऊ ब्रशने धुवा, वाळली की लावा.

सगळं जोडून झालं की मशीन मागे ढकलताना पाइपवर लक्ष ठेवा, आणि रिकामा ड्रायर जास्त हीटवर दहा मिनिटं चालवून जिथून हवा बाहेर पडते तिथे हात धरा. जोरात आणि गरम यायला हवी. गरम आहे पण जोर नाही, असं असेल तर नवीन फ्यूज पण फार दिवस टिकणार नाही, पाइप परत साफ करा. कॉइलचं रीडिंग किती आलं ते मॉडेल नंबरसोबत इथे लिहा, मी बघते.